साडेसातची पाळी

मी सातला मागावरून सुटतो.
साडेसातला तिची पाळी लागते.

पाच आठवड्यांची आहे. बारसं राहिलंय.
दवाखान्याच्या कार्डावर अजून
'बेबी ऑफ हर्षदा लोकरे'.
विट्यातली ही सगळी गल्ली मात्र
तिला आवाजावरून ओळखते.
आधी कपाळाला आठी, मग मुठी,
मग पाय पोटाशी ओढून असं काही रडते
की शेजारच्या म्हेत्रेंचा टीव्ही
आपणहून मोठा होतो.

गल्लीकडे औषधं भरपूर.
कुणी जायफळ उगाळून आणलं, कुणी मधाचं बोट,
कुणी बाटलीतलं गोड पाणी.
मीठमोहऱ्या तर तिघींनी ओवाळल्या,
मिरच्यांचा ठसका आम्हालाच लागला.

मुलाणी सिस्टर आल्या त्या काटा घेऊन.
वजन केलं, टाळू बघितली, पोट चाचपलं.
ताप नाही. हिरवी उलटी नाही.
दूध ओढतेय, लंगोट ओले होतायत.
"अंगावरचं पाजा. दुसरं थेंबभर नको.
ती रडतेय, बिघडलेली नाही.
यातलं काही बदललं तर मात्र
रात्री दोनलाही थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा."
आणि जाता जाता, चपला घालताना, माझ्याकडे बघून,
"पोराला गदागदा हलवायचं नाही कधी.
डोकं फिरलं तर खाली ठेवायचं."
मी हसलो. माझं कशाला फिरतंय?

मग शिकलो.
पालथी घ्यायची हातावर,
गाल कोपराच्या खळग्यात, पोट माझ्या मनगटावर,
आणि चुलीपासून दारापर्यंत अकरा पावलं.
पाजून झालं की हर्षदा तिला खांद्याशी उभी धरते,
पाठीवरून हात फिरवते.
ढेकर आला की आम्ही दोघं
लॉटरी लागल्यासारखे एकमेकांकडे बघतो.

आठवा लागेपर्यंत हर्षदा कांड्या भरत होती.
म्हणजे ही आत असताना ऐकत असणार.
म्हणून मी तोंडानं माग चालवतो,
खटाक-फट, खटाक-फट, हळू, कानाशी.
कधी लागू पडतं.
कधी नाही.

तुटलेला धागा मी अंधारात जोडतो,
टोक बोटांना आपोआप सापडतं.
रडण्याचं टोक कुठं असतं?

त्या रात्री पावणेबारा.
हर्षदा दोन रात्रींची जागी, भिंतीला टेकून तशीच झोपलेली.
मी चालतोय. ती रडतेय.
माग अडला की आपण फळीला एक दणका देतो ना,
तो दणका
माझ्या खांद्यातून निघाला होता.
कोपरापर्यंत आला होता.
मी त्याला ओळखलं.

ठेवली तिला. उताणी.
सपाट गादीवर, आजूबाजूला उशी नाही, गोधडी नाही.
दार किलकिलं ठेवून पायरीवर बसलो
आणि शंभर मोजायला लागलो, धाग्यांसारखे.
समोरच्या शेडमध्ये रातपाळीचा दिवा.
आत ती.
सत्तरच्या पुढं आकडे चुकले, पुन्हा साठपासून धरले.
तांब्यातलं पाणी प्यालो. हात बघितले.
थरथरत होते, पण माझेच होते.

आत गेलो तेव्हा ती रडतच होती.
चमत्कार वगैरे काही नाही.
उचलली. अकरा पावलं.
सव्वाला कधीतरी थांबली,
तिची तीच. मी काही केलं म्हणून नव्हे.

सकाळी चहा पिताना हर्षदाला सांगून टाकलं,
मान खाली घालून.
ती म्हणाली, "मी परवा दोनदा ठेवली.
मोरीत जाऊन नळ सोडून बसले."
"मग बोलली नाहीस?"
"तू तरी आत्ताच बोललास."
आणि बशी माझ्याकडे सरकवली.

आता ठरलंय. अर्धा तास तिचा, अर्धा माझा,
आणि ज्याचे हात भरून येतील
त्यानं नुसतं नाव घ्यायचं दुसऱ्याचं.

आज जेवणं लवकर उरकली.
साडेसात होऊन गेले.
दोघंही हात पुसून बसलोय,
ती झोपेत कुणाला तरी हसतेय.

सातचाळीस.
कपाळाला आठी.